बेटी होल्बर्टन: चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवणाऱ्या बाई

कोड लिहिणाऱ्या कुणालाही तो लाल ठिपका ओळखीचा असतो. एडिटरमध्ये ओळीच्या क्रमांकाशेजारी क्लिक केलं की तो उमटतो. मग प्रोग्रॅम चालवायचा. तो धावत येतो आणि बरोबर त्या ओळीवर उभा राहतो. कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते निवांत बघायचं, आणि पुढे जा म्हटलं की स्वारी पुढे निघते. याला ब्रेकपॉइंट म्हणतात. हा शब्द आता इतका अंगवळणी पडलाय की यात ब्रेक म्हणजे नेमकं काय तुटतं, असा प्रश्नच पडत नाही. पण एके काळी खरोखर काहीतरी तोडलं जायचं. एक केबल खाचेतून उपटली जायची. ही युक्ती ज्यांच्या नावावर आहे त्या बेटी होल्बर्टन यांची ही गोष्ट.

पूर्ण नाव फ्रान्सिस एलिझाबेथ स्नायडर. जन्म ७ मार्च १९१७, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. घरात आजोबांपासून खगोलशास्त्राची ओढ, त्यामुळे आकड्यांची भीती अशी नव्हतीच. गणित शिकायचं म्हणून त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल्या, तर पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी विचारलं की घरी बसून मुलं सांभाळलेली बरी नाहीत का. बेटींनी गणित सोडलं आणि पत्रकारिता घेतली. त्या अभ्यासक्रमात फिरायला तरी मिळेल, हा त्यामागचा हिशेब. एका प्राध्यापकाच्या एका वाक्यामुळे एका मुलीचं गणित सुटलं, आणि ते परत आलं ते युद्धामुळे. हे काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही, पण घडलं ते असं.

१९४२ साली अमेरिका युद्धात उतरलेली होती. तोफगोळा किती अंशात डागला, वारा कसा आहे, हवा किती दाट आहे, यावरून तो कुठे पडेल याचे तक्ते सैन्याला हवे होते. हे तक्ते करण्यासाठी फिलाडेल्फियाच्या मूर स्कूल ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये गणित येणाऱ्या तरुण मुलींची भरती सुरू झाली. त्यांच्या पदाचं नाव होतं कॉम्प्युटर. म्हणजे तेव्हा कॉम्प्युटर हे यंत्र नव्हतं, माणूस होता, आणि बहुतेक वेळा बाई. गोळ्याचा एक मार्ग टेबलावरच्या कॅल्क्युलेटरनं काढायला एका व्यक्तीला वीस ते चाळीस तास लागायचे. एका तोफेच्या एका तक्त्यात असे शेकडो मार्ग असत. बेटी या कामात शिरल्या आणि त्यांचं गणित पुन्हा सुरू झालं.

त्याच इमारतीत जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट एक गुप्त यंत्र बांधत होते. त्याचं नाव एनिॲक. वजन सुमारे ३० टन, व्हॅक्यूम ट्यूब १७ हजारांहून जास्त, चाळीस उंच पॅनेलं आणि सेकंदाला पाच हजार बेरजा. १९४५ मध्ये या यंत्राला काम शिकवण्यासाठी कॉम्प्युटर मुलींमधून सहाजणी निवडल्या गेल्या: बेटी स्नायडर, बेटी जीन जेनिंग्ज, के मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. गंमत म्हणजे (त्यांना तेव्हा ती गंमत वाटली नसणार) सुरुवातीला त्यांना यंत्र बघायची परवानगीच नव्हती. गुप्ततेची मंजुरी यायची होती. त्यांच्या हाती दिल्या गेल्या त्या नुसत्या आकृत्या. कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय, संकेत कुठून कुठे जातो, हे कागदावरून ताडायचं आणि अडलं तर इंजिनिअरला गाठून विचारायचं. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक नव्हतं, भाषा नव्हती, शिकवणारं कुणी नव्हतं. प्रोग्रॅमर हे पदच नव्हतं.

केबल उपटली की काय होतं

एनिॲकचा प्रोग्रॅम म्हणजे फाइल नव्हे. प्रोग्रॅम म्हणजे केबलींचं जाळं आणि हजारो स्विचांची मांडणी. यंत्रात वीस ॲक्युम्युलेटर होते. प्रत्येकात दहा अंकी एक संख्या राहायची आणि तिच्यात बेरीज-वजाबाकी व्हायची. एका ॲक्युम्युलेटरनं आपलं काम संपवलं की तो एक विद्युत-ठोका बाहेर सोडायचा. तो ठोका केबलमधून पुढच्या भागाकडे जायचा आणि त्याला सांगायचा की आता तुझी पाळी. लग्नाच्या पंगतीत वाढपी एकामागून एक भांडी पुढे सरकवतात, तशी ही साखळी.

आता यात चूक झाली तर शोधायची कशी? यंत्र सेकंदाला पाच हजार बेरजा करतंय. शेवटी उत्तर चुकीचं येतं एवढंच कळतं. बिघाड पहिल्या पायरीत की नव्वदाव्या, हे डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. एक उपाय यंत्रासोबत होताच. हातात धरायचा एक छोटा कंट्रोल बॉक्स होता, त्यावरून यंत्र एकेक ठोका किंवा एकेक बेरीज असं पुढे नेता यायचं. आजच्या डीबगरमध्ये ज्याला स्टेप म्हणतात तेच हे. पण हजारो बेरजांच्या गणितात एकेक पाऊल टाकत बसलं तर सकाळची संध्याकाळ होते.

इथे बेटींची युक्ती येते. संशय असलेल्या जागेपर्यंत यंत्राला पूर्ण वेगानं येऊ द्यायचं आणि तिथून पुढे ठोका नेणारी केबलच काढून ठेवायची. ठोका तिथपर्यंत येतो, पण त्याला पुढे जायला रस्ताच नसतो. यंत्र थांबतं, पण आकडे पुसले जात नाहीत. ॲक्युम्युलेटरांवरच्या निऑन दिव्यांवर ते तसेच झळकत राहतात. ते वाचायचे, कागदावरच्या आकड्यांशी ताडायचे. जुळले तर इथपर्यंत सगळं ठीक, चूक याच्या पुढे आहे. केबल परत लावायची आणि थोडी पुढची जागा बघायची. धागा जिथे तोडला तो बिंदू, म्हणून ब्रेकपॉइंट. पुढे एका मुलाखतीत बेटींनी स्वतःच नावाची ही उकल केली.

यातला दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. कागदावरचे आकडे आले कुठून? मार्लिन आणि रूथ या दोघींनी गोळ्याचा एक मार्ग हातानं काढला होता, तोही नेहमीच्या पद्धतीनं नाही, तर एनिॲक जसा काढेल अगदी तसा, पायरी-पायरीनं. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर यंत्रात कुठे काय असायला हवं याची लिखित यादी तयार होती. यंत्र थांबवता येणं हे निम्मं काम. थांबल्यावर काय दिसायला हवं हे आधीच ठाऊक असणं हे उरलेलं निम्मं. टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा धंदा आजही या दोन रकान्यांवरच चालतो.

केबल उपटण्यात एक मेख होती. एनिॲकमध्ये अनेक भाग एकाच वेळी काम करू शकत. तुम्ही ज्या साखळीची केबल काढाल तीच साखळी थांबणार. तिला समांतर दुसरी साखळी चालू असेल तर ती बिनधास्त पुढे जाणार आणि तुम्ही बघत असलेला आकडा बदलूही शकणार. म्हणून कुठे तोडायचं हे ठरवायला पूर्ण यंत्राचं वेळापत्रक डोक्यात लागायचं. मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅम डीबग करताना ज्यांनी केस उपटलेत त्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

आजचा डीबगर केबल उपटत नाही, पण करतो साधारण तेच. इंटेलच्या प्रोसेसरवर तुम्ही ब्रेकपॉइंट लावला की डीबगर त्या जागेच्या सूचनेचा पहिला बाइट काढून बाजूला ठेवतो आणि तिथे एक बाइटची थांबण्याची सूचना पेरतो. प्रोसेसर तिथे पोचला की थांबतो आणि डीबगरला जाग येते. पण तोवर प्रोसेसरचा बोट ठेवायचा पॉइंटर एक बाइट पुढे सरकलेला असतो. तो डीबगरनं आठवणीनं मागे घ्यायचा. तुम्ही पुढे जा म्हणालात की मूळ बाइट परत ठेवायचा, एकच सूचना चालवायची, सापळा पुन्हा पेरायचा आणि मग सोडायचं. त्या एका क्षणात सापळा काढलेला असताना दुसरा थ्रेड तिथून सटकला तर? तर ब्रेकपॉइंट हुकला, आणि तुम्ही म्हणणार की ही ओळ चाललीच नाही. चूक डीबगरची, पण शोधत बसणार तुम्ही तुमच्या कोडमध्ये.

म्हणून डीबगरचीही परीक्षा घ्यावी लागते, आणि ती माणसानं क्लिक करत बसून भागत नाही. जीडीबी या १९८६ पासूनच्या प्रसिद्ध डीबगरसोबत हजारो टेस्टचा संच असतो. त्यातली एखादी टेस्ट म्हणजे एक अगदी किरकोळ सी प्रोग्रॅम आणि जोडीला एक स्क्रिप्ट. स्क्रिप्ट डीबगर सुरू करते, अमुक फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावते, प्रोग्रॅम चालवते आणि डीबगर काय छापतो ते वाचते. ठरलेल्या ओळीवर थांबला का? एकदाच थांबायचा ब्रेकपॉइंट दुसऱ्यांदा गप्प राहिला का? अट खोटी असताना न थांबता पुढे गेला का? थांबण्याचं कारण बरोबर सांगितलं का, की ब्रेकपॉइंटवर थांबून सिग्नल आला म्हणाला? जुळलं तर पास, नाही तर फेल. मार्लिन आणि रूथ यांचा कागद आता स्क्रिप्टमध्ये गेलाय, एवढाच फरक.

जमिनीत घुसणारा गोळा

१५ फेब्रुवारी १९४६ ला एनिॲकचा जाहीर समारंभ ठरला होता. पाहुण्यांसमोर यंत्र तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवणार होतं. तो प्रोग्रॅम बसवायची जबाबदारी दोन्ही बेटींवर, म्हणजे स्नायडर आणि जेनिंग्ज यांच्यावर. दिवे लांबून दिसावेत म्हणून पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापून त्यांवर आकडे लिहून दिव्यांवर बसवले होते. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं नीट चालत होतं. एक गोष्ट सोडून.

गोळा थांबत नव्हता. मार्ग बरोबर निघायचा, गोळा वर जायचा, खाली यायचा, जमिनीला टेकायचा, आणि टेकून थांबण्याऐवजी गणित चालूच राहायचं. आकड्यांप्रमाणे गोळा जमीन भेदून खाली खाली चालला होता. दोघींनी सगळं तपासलं, रात्र झाली, चूक सापडेना. शेवटी घरी गेल्या.

सकाळी बेटी स्नायडर आल्या त्या थेट मास्टर प्रोग्रॅमर नावाच्या भागापाशी गेल्या. फेऱ्या किती घ्यायच्या आणि कधी थांबायचं हे ठरवणारा तो भाग. तिथला एक स्विच त्यांनी एका घरानं सरकवला. गोळा जमिनीवर थांबू लागला. झोपेत त्यांना उत्तर सुचलं होतं. थकल्यावर कोड मिटून झोपायला जावं हा सल्ला आपल्याकडे हल्ली सगळेच देतात. इथे त्याचा पुरावा फार जुना आहे. मात्र एक लक्षात घ्या, ती जागा झोपेत सापडली तरी आधी बाकीच्या शेकडो जागा एकेक करून बाद केलेल्या होत्या.

समारंभात गोळा उडाल्यावर पडायला जेवढा वेळ घेतो त्याच्या आत एनिॲकनं त्याचा मार्ग काढून दाखवला. टाळ्या झाल्या. रात्री मोठी मेजवानी झाली. तिला या दोघींपैकी कुणालाही आमंत्रण नव्हतं. थंडीतून दोघी आपापल्या घरी गेल्या.

युनिव्हॅक, आणि पत्त्यांचा डाव

युद्धानंतर बेटी मॉक्ली आणि एकर्ट यांच्या नव्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक बनत होता. १९५० साली त्यांनी जॉन होल्बर्टन यांच्याशी लग्न केलं. एनिॲकच्या मुलींच्या कामावर देखरेख करणारे ते हेच. पुढे दोन मुली झाल्या.

युनिव्हॅकसाठी त्यांनी आज्ञांची जी सांकेतिक भाषा बसवली तिचं नाव सी-१०. तिच्यात ॲडसाठी ए, सबट्रॅक्टसाठी एस अशी अक्षरं होती. आज हे क्षुल्लक वाटेल, पण आकडे पाठ करण्याऐवजी अर्थाचं अक्षर लिहायचं ही सोय तेव्हा नवी होती. यंत्राच्या कन्सोलच्या रचनेतही त्यांचा हात होता. त्या कन्सोलवर ब्रेकपॉइंटसाठी वेगळी बटणं आली. म्हणजे प्रोग्रॅममध्ये थांबण्याची जागा लिहून ठेवायची, आणि बटण दाबलेलं असेल तरच यंत्र तिथे थांबणार. केबल उपटायची गरज संपली. कीबोर्डशेजारी आकड्यांची वेगळी पट्टी असावी आणि यंत्राचा रंग काळा नसून राखाडी-बदामी असावा, हे आग्रहही त्यांचेच. नंतर कितीतरी वर्षं जगभरातले संगणक त्याच कंटाळवाण्या रंगात आले. त्याबद्दल त्यांना किती दोष द्यायचा ते तुम्ही ठरवा.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम १९५१ च्या सुमाराचं सॉर्ट-मर्ज जनरेटर. चुंबकीय टेपवरचा प्रचंड डेटा क्रमानं लावायचा होता. टेप म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच वाचायची, मधल्या पानावर उडी नाही. कुठली टेप कधी वाचायची, कुठे लिहायची, हे समजून घ्यायला बेटींनी पत्त्यांचा जोड घेतला आणि पत्ते लावत लावत निर्णयांची झाडी तयार केली. नुसता सॉर्ट करणारा प्रोग्रॅम लिहून त्या थांबल्या नाहीत. तुमच्या नोंदी केवढ्या आहेत आणि कशावरून क्रम लावायचा एवढं सांगितलं की त्यावरून सॉर्टचा प्रोग्रॅम लिहून देणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. प्रोग्रॅमनं प्रोग्रॅम लिहायचा, ही कल्पना तेव्हा अनेकांना पटतही नव्हती. ग्रेस हॉपर यांनी कंपायलरच्या दिशेनं जे पाऊल टाकलं त्यामागे या कामाची प्रेरणा होती.

१९५३ मध्ये त्या मेरीलँडमधल्या नौदलाच्या डेव्हिड टेलर मॉडेल बेसिनमध्ये गेल्या. तिथे असतानाच १९५९ साली कोबोल भाषा घडवणाऱ्या समितीवर त्यांनी काम केलं. १९६६ पासून १९८३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होत्या. फोरट्रान भाषेच्या प्रमाणीकरणात त्यांचा बराच काळ गेला.

ब्युरोतलं त्यांचं एक काम फारसं कुणाला माहीत नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ पार्कर यांच्यासोबत त्यांनी फोरट्रानच्या टेस्ट प्रोग्रॅमांचा मोठा संच प्रसिद्ध केला. अडचण अशी होती की प्रत्येक कंपनी म्हणायची आमचा कंपायलर प्रमाणाप्रमाणेच आहे, पण एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडखळायचा. चूक प्रोग्रॅमरची की कंपायलरची, हे सांगायला पंच नव्हता. बेटींच्या संचातला एकेक प्रोग्रॅम भाषेतली ठरावीक गोष्ट वापरून बघायचा, आणि आलेला निकाल प्रमाणानुसार असायला हवा त्या निकालाशी ताडता यायचा. आता टेस्ट होत होती ती वापरणाऱ्याच्या कोडची नव्हे, तर कोड तयार करणाऱ्या अवजाराची. जीडीबीचा टेस्ट संच डीबगरच्या बाबतीत जे करतो तेच हे, फक्त कंपायलरच्या बाबतीत आणि त्याच्या कितीतरी आधी.

ब्रेकपॉइंट फक्त बेटींनीच शोधला का, असा वाद कुणी घातला तर तो घालू द्यावा. केंब्रिजमध्ये स्टॅनली गिल यांनी १९५१ मध्ये एडसॅक संगणकावर प्रोग्रॅमातल्या चुका शोधायच्या पद्धतींवर निबंध लिहिला होता आणि तो स्वतंत्रपणे मोलाचा आहे. गरज सगळीकडे एकच होती. पण केबल उपटण्यापासून कन्सोलवरच्या बटणापर्यंत आणि तिथून अवजारांच्या टेस्टपर्यंत एकाच व्यक्तीच्या हातून गेलेलं असं दुसरं आयुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही.

एवढं असून नाव कुणाला माहीत नव्हतं. १९८० च्या दशकात कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीला एनिॲकचे जुने फोटो सापडले. यंत्रासमोर उभ्या असलेल्या पुरुषांची नावं खाली होती, बायकांची नव्हती. चौकशी केल्यावर तिला सांगण्यात आलं की त्या मॉडेल असाव्यात, यंत्र छान दिसावं म्हणून फ्रिजच्या जाहिरातीत उभ्या करतात तशा. तिला ते पटलं नाही. तिनं त्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि सहाही जणींची नावं हळूहळू परत आली.

१९९७ मध्ये बेटी होल्बर्टन यांना आयईईई कॉम्प्युटर सोसायटीचा कॉम्प्युटर पायोनिअर पुरस्कार मिळाला, सॉर्ट-मर्ज जनरेटरसाठी. त्याच वर्षी ऑगस्टा एडा लव्हलेस पुरस्कारही मिळाला. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. ८ डिसेंबर २००१ रोजी मेरीलँडमधल्या रॉकव्हिल इथे त्यांचं निधन झालं.